ई-मेल प्रोग्राम संथ चालणे आणि नवे मेल न दिसणे : कारणे, तपासणी व उपाय

आपल्या मंडळाचे बरेच सभासद, विशेषतः निवृत्त मंडळी, आजही मेल मोबाइलवर न वाचता घरच्या संगणकावर वाचतात. अक्षर मोठे दिसते, कागदपत्रे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवता येतात आणि लागेल ते लगेच छापून घेता येते. त्यासाठी मोझिलाचा थंडरबर्ड किंवा मायक्रोसॉफ्टचा आउटलुक यांपैकी एक प्रोग्राम बहुतेकांकडे असतो. काही वर्षे तो बिनबोभाट चालतो. मग त्याची गती मंदावते. उघडायला तीन-चार मिनिटे लागतात, एका मेलवरून दुसऱ्यावर जाताना पडदा गोठल्यासारखा होतो, आणि एक दिवस कोणीतरी फोनवर विचारते, "आठवड्यापूर्वी पाठवलेल्या मेलचे उत्तर नाही आले?"

मेल न दिसणे ही आता नुसती गैरसोय राहिलेली नाही. प्राप्तिकर विभागाने विवरणपत्रातील आकड्यांत बदल सुचवला, तर उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. ते सूचना पाठवल्यापासून मोजतात, आपण ती वाचल्यापासून नाही. विवरणपत्र भरल्यावर त्याची पडताळणीही ३० दिवसांत करावी लागते आणि तिची आठवण मेलवरच येते. ज्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत, तिच्या वार्षिक सभेची सूचना २१ दिवस आधी बहुधा मेलनेच येते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. मेल दिसला नाही म्हणून यांतली एकही मुदत वाढत नाही.

संथपणा आणि न दिसणारे मेल या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. म्हणून त्यांची तपासणीही एकत्र आणि ठरावीक क्रमाने करावी. तो क्रम पुढे दिला आहे.

खातेवही कुठे, पासबुक कुठे

आपला मेल प्रथम येतो तो जीमेल, याहू, आउटलुक डॉट कॉम यांसारख्या सेवेच्या सर्व्हरवर. घरच्या संगणकावरचा प्रोग्राम तो तिथून आणून आपल्याला दाखवतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हर ही खातेवही आणि आपला प्रोग्राम हे पासबुक. पासबुकात नोंद दिसली नाही म्हणून पैसे बुडाले असे कोणी म्हणत नाही. आधी खातेवही पाहतात.

सर्व्हरवरून मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे कोणती आहे हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावे.

पहिली पद्धत 'पॉप'. ती १९८४ पासूनची आहे. हिच्यात प्रोग्राम सर्व्हरवरचा मेल उतरवून घेतो आणि सेटिंग तसे असेल तर सर्व्हरवरची प्रत काढून टाकतो. म्हणजे खात्यातून रोख रक्कम काढून घरी नेण्यासारखेच. मग घरच्या संगणकावरची प्रत हीच एकमेव प्रत उरते.

दुसरी पद्धत 'आयमॅप'. ती १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. हिच्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो. संगणक, मोबाइल आणि वेब अशा तिन्ही ठिकाणी तोच दिसतो आणि एका ठिकाणी पुसला की सगळीकडून जातो.

थंडरबर्डमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज'मधील 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडले की वरच्याच ओळीत खाते पॉप आहे की आयमॅप ते दिसते. आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज' असे गेल्यावर प्रत्येक खात्यासमोर त्याचा प्रकार लिहिलेला असतो. आउटलुकच्या नव्या आवृत्तीत मेनूंची मांडणी वेगळी आहे. या लेखातील सूचना जुन्या, म्हणजे 'क्लासिक' आउटलुकसाठी आहेत.

पहिली तपासणी : मेल आहे कुठे?

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी ब्राउझर उघडावा, आपल्या मेल सेवेच्या संकेतस्थळावर जावे आणि तिथे तो मेल शोधावा. याला दोन मिनिटे लागतात आणि पुढचा अर्धा दिवस वाचतो. शोधताना केवळ इनबॉक्स पाहून थांबू नये. स्पॅम, ट्रॅश आणि जीमेल असेल तर 'ऑल मेल' हेही पाहावे. पाठवणाऱ्याचा पत्ता शोधपट्टीत टाकला की काम सोपे होते.

यातून तीनपैकी एक निष्कर्ष निघतो.

१. मेल वेबवर आहे आणि प्रोग्राममध्येही कुठेतरी आहे, फक्त नजरेस पडला नव्हता.
२. मेल वेबवर आहे, पण प्रोग्राममध्ये आलेलाच नाही.
३. मेल दोन्हीकडे नाही.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ही तपासणी न करता जो तो प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला निघतो. त्याने पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात काहीच साधत नाही, आणि खाते पॉप असेल तर जुने मेल गमावण्याचा धोका मात्र ओढवतो.

हात लावण्यापूर्वी प्रत काढावी

दुरुस्तीच्या आधी साठ्याची प्रत काढणे हा नियम कधीही मोडू नये. खाते पॉप असेल तर तो दुप्पट काटेकोरपणे पाळावा.

थंडरबर्डमध्ये 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे. तिथे 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीसमोर 'ओपन फोल्डर' असे बटण दिसते. त्याने फोल्डर उघडावा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करावा आणि तो सगळा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर उतरवावा. आउटलुकमध्ये पॉप खात्याचे मेल पीएसटी नावाच्या फाइलमध्ये असतात. आउटलुक बंद करून त्या फाइलची प्रत काढावी. प्रोग्राम चालू असताना काढलेली प्रत अर्धवट किंवा सदोष निघू शकते.

प्रकार पहिला : मेल आहे, पण दिसत नाही

यात काहीही बिघडलेले नसते. पुढील गोष्टी एकेक करून पाहाव्यात.

क्रम उलटा झालेला असणे. यादीच्या वरच्या पट्टीत 'डेट' या शब्दावर चुकून क्लिक झाले की क्रम उलटतो आणि नवे मेल तळाला जातात. पुन्हा एकदा क्लिक करावे.

पाठवणाऱ्याच्या संगणकाची तारीख चुकीची असणे. 'डेट' या रकान्यात पाठवणाऱ्याच्या संगणकाची तारीख येते. ती मागची असेल तर आज आलेला मेल यादीत काही वर्षे मागे जाऊन बसतो. थंडरबर्डमध्ये 'रिसीव्ह्ड' हा रकाना निवडून त्यानुसार क्रम लावला की तो वर येतो.

चाळणी लागलेली असणे. थंडरबर्डच्या यादीच्या वर 'क्विक फिल्टर' पट्टी असते. तिच्यात 'अनरेड' किंवा 'अटॅचमेंट' दाबलेले राहिले तर बाकीचे मेल लपतात. पिनच्या चिन्हावर दाबलेले असेल तर फोल्डर बदलला तरी चाळणी तशीच राहते.

संवाद गुंडाळलेला असणे. एकाच विषयाची उत्तरे एका गठ्ठ्यात दाखवण्याची सोय चालू असेल तर नवे उत्तर जुन्या मेलच्या पोटात दडते. डावीकडच्या लहान बाणावर दाबले की गठ्ठा उलगडतो.

दुसऱ्या कप्प्यात गेलेला असणे. आउटलुकमध्ये काही खात्यांचा इनबॉक्स 'फोकस्ड' आणि 'अदर' असा विभागलेला असतो. बँका आणि कंपन्यांकडून आपोआप निघणारे मेल 'अदर'मध्ये जाण्याची शक्यता अधिक. 'व्ह्यू'मधून ही विभागणी बंद करता येते.

एका कळीने हललेला असणे. थंडरबर्डमध्ये मेल निवडलेला असताना 'ए' ही कळ दाबली गेली तर तो 'आर्काइव्ह्ज'मध्ये जातो आणि 'जे' दाबली गेली तर तो नको असलेला मेल म्हणून नोंदला जातो. टेबल पुसताना कळफलकावर फडके फिरले तरी एवढे घडू शकते. आउटलुकमधील 'ऑटोआर्काइव्ह' ही सोयही जुने मेल वेगळ्या फाइलमध्ये नेऊन ठेवते.

फक्त घंटी बंद असणे. मेल वेळेवर आलेला असतो, पण आवाज किंवा सूचना येत नाही. विंडोज १०मध्ये 'फोकस असिस्ट' आणि विंडोज ११मध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असेल तर असे होते.

प्रकार दुसरा : वेबवर आहे, प्रोग्राममध्ये येत नाही

१. प्रोग्राम ऑफलाइन आहे का ते पाहावे. आउटलुकमध्ये 'सेंड-रिसीव्ह' या पट्टीत 'वर्क ऑफलाइन' दाबले गेलेले असू शकते. थंडरबर्डमध्ये हीच सोय 'फाइल' मेनूत 'ऑफलाइन'खाली आहे, शिवाय तिचे छोटे चिन्ह खिडकीच्या डाव्या तळाशी असते.

२. लॉगिनची पद्धत जुनी आहे का ते पाहावे. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना ३० मे २०२२ पासून आणि आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल यांना १६ सप्टेंबर २०२४ पासून बाहेरच्या प्रोग्राममधून नेहमीचा पासवर्ड टाकून आत येता येत नाही. प्रोग्राम पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो आणि बरोबर टाकला तरी नाकारतो, याचे कारण बहुधा हेच. थंडरबर्डच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' या ठिकाणी 'ओऑथ २' निवडावे. मग सेवेचे अधिकृत पान उघडते आणि परवानगी तिथेच द्यायची असते. मेल पाठवण्याच्या सर्व्हरलाही हीच पद्धत निवडावी. प्रोग्राम फार जुना असून ही सोयच नसेल तर त्याची नवी आवृत्ती घेणे हाच टिकाऊ उपाय.

३. मेल किती वेळाने तपासला जातो ते पाहावे. थंडरबर्डच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये सुरू होताच तपासण्याची आणि दर ठरावीक मिनिटांनी तपासण्याची अशा दोन खुणा असतात. दोन्ही असाव्यात आणि अवधी १० मिनिटांचा ठेवावा. आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस या कळा एकदम दाबल्या की वेळापत्रकाची खिडकी उघडते. अवधी एक-दोन मिनिटांवर आणण्याचा मोह टाळावा. पहिली तपासणी संपण्याआधी दुसरी सुरू होते आणि प्रोग्राम आणखी संथ होतो.

४. थेट सूचनेची तार मध्येच तुटते का ते पाहावे. आयमॅपमध्ये १९९७ पासून 'आयडल' नावाची सोय आहे. प्रोग्राम सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून बसतो आणि मेल आला की सर्व्हर लगेच कळवतो. काही राउटर बराच वेळ शांत असलेली जोडणी न सांगता तोडतात. प्रोग्रामला ते कळत नाही आणि तो वाट पाहत राहतो. प्रोग्राम बंद करून उघडला की साचलेले मेल एकदम येतात, ही याची ओळख. अशा वेळी थंडरबर्डमधील तत्काळ सूचनेची खूण काढावी आणि दर १० मिनिटांच्या तपासणीवर विसंबावे.

५. मेल उपफोल्डरमध्ये जातो का ते पाहावे. बँकेचे मेल आपोआप 'बँक' फोल्डरमध्ये जावेत असा नियम वेबवर केलेला असेल तर प्रोग्राम तो फोल्डर दरवेळी उघडून पाहीलच असे नाही. थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये नवे मेल आणताना हा फोल्डर नेहमी तपासावा अशी खूण आहे. ती करावी. फोल्डर यादीतच दिसत नसेल तर खात्याच्या नावावर उजवे बटण दाबून 'सबस्क्राइब'मध्ये तो निवडावा.

६. एकाच खात्याशी किती यंत्रे जोडलेली आहेत ते मोजावे. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देते आणि प्रत्येक प्रोग्राम त्यांतल्या अनेक वापरतो. घरातले दोन संगणक, दोन मोबाइल आणि एक टॅब्लेट असे सगळे जोडलेले असले की मर्यादा संपते आणि प्रोग्राम अधूनमधून जोडणी नाकारल्याचे सांगतो. न वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवरून खाते काढून टाकावे.

७. यादी बिघडली आहे का ते पाहावे. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची अनुक्रमणिका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. वीज जाऊन संगणक अचानक बंद पडला की ती बिघडू शकते. मेल साठ्यात असतो, पण यादीत येत नाही. फोल्डरवर उजवे बटण, 'प्रॉपर्टीज', मग 'रिपेअर फोल्डर' असे केले की ती नव्याने तयार होते. आउटलुकच्या पीएसटी फाइलसाठी मायक्रोसॉफ्टचे 'इनबॉक्स रिपेअर टूल' आहे. दोन्ही उपाय प्रत काढल्यावरच करावेत.

प्रकार तिसरा : दोन्हीकडे नाही

जागा संपली आहे का ते पहिल्यांदा पाहावे. गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मोबाइलवरचे फोटो आपोआप वर चढत असतील तर मेल फारसे नसूनही जागा भरते. जागा भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात आणि आपल्याला त्यातले काही कळत नाही. मुलांनी पाठवलेल्या नातवंडांच्या व्हिडिओंनी प्राप्तिकराच्या नोटिशीची जागा खाल्ली, असे खरोखर घडू शकते.

त्यानंतर स्पॅम पाहावे. जीमेल स्पॅम आणि ट्रॅश दोन्ही ३० दिवसांनी आपोआप रिकामे करते. म्हणून महिन्यातून एकदा स्पॅम पाहणारा माणूस एखादा मेल कायमचा गमावू शकतो.

मग दुसऱ्या यंत्राकडे वळावे. जुन्या संगणकावर किंवा एखाद्या मोबाइलवर तेच खाते पॉप पद्धतीने जोडलेले असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण नसेल, तर ते यंत्र मेल उतरवून घेते आणि इतरांसाठी काही उरत नाही. थंडरबर्डच्या पॉप खात्यात 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ही खूण करावी. जीमेलच्या सेटिंगमध्येही पॉपने वाचलेल्या मेलचे काय करायचे हे विचारलेले असते. तिथे प्रत इनबॉक्समध्ये ठेवण्याचा पर्याय निवडावा.

शेवटी पत्ता पाहावा. बँक, प्राप्तिकर, म्युच्युअल फंड यांच्या नोंदीत नोकरीतला जुना किंवा आता बंद झालेल्या सेवेचा पत्ता राहिलेला असतो. त्याला प्रोग्राममध्ये उपाय नाही. प्रत्येक ठिकाणी पत्ता बदलून घ्यावा लागतो.

प्रोग्राम संथ का होतो?

संगणक संथ झाला की जेल रोडला जाऊन मेमरी वाढवून आणणे हा आपल्या इंदुरातला पहिला विचार. तिची गरज कधी कधी असते, पण त्याआधी बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत.

साठा आटोपशीर करणे. थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये एकामागे एक ठेवतो. मेल पुसला तरी त्याचा मजकूर त्या फाइलमध्ये तसाच राहतो, फक्त रद्द असा शेरा पडतो. वर्षानुवर्षे रद्द नोंदी साचून फाइल फुगते. 'फाइल' मेनूतील 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' त्या काढून टाकतो. या कामात फाइलची नवी प्रत तयार होते, त्यामुळे डिस्कवर तेवढी मोकळी जागा हवी आणि काम पुरे होईपर्यंत प्रोग्राम बंद करू नये. आउटलुकमध्ये 'डेटा फाइल्स'च्या सेटिंगमध्ये 'कॉम्पॅक्ट नाउ' आहे. आउटलुक २०१० पासून पीएसटी फाइलची मर्यादा ५० जीबी असते, पण फाइल त्याच्या बरीच आधी जड होऊ लागते.

इनबॉक्स रिकामा ठेवणे. इनबॉक्स ही टपाल घेण्याची खिडकी आहे, तिला गोदाम करू नये. नवा मेल आला की लिहिणे तिथेच होते, म्हणून ती फाइल जितकी मोठी तितका प्रत्येक मेलला वेळ अधिक. वर्षवार फोल्डर करून जुने मेल त्यांत हलवावेत आणि मग कॉम्पॅक्ट करावे.

जोडपत्रे काढून ठेवणे. मेलमधून जाताना फाइलचे रूपांतर अक्षरांत होते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १५ एमबीचे फोटो मेलमध्ये २० एमबी होतात. फोटो आणि स्कॅन डिस्कवर उतरवून ठेवावेत आणि मोठे मेल पुसावेत. आकारानुसार क्रम लावला की असे मेल लगेच सापडतात.

'ऑल मेल'ची दुहेरी प्रत टाळणे. जीमेलमध्ये प्रत्येक मेल 'ऑल मेल'मध्येही दिसतो. प्रोग्राम तोही उतरवत बसला तर तोच मेल दोनदा साठतो. जीमेलच्या सेटिंगमधील 'लेबल्स'मध्ये 'ऑल मेल'समोरची आयमॅपमध्ये दाखवण्याची खूण काढली की हे थांबते.

अँटिव्हायरसला मर्यादा घालणे. प्रोग्राम फाइलमध्ये नवा मेल लिहीत असतो आणि त्याच वेळी अँटिव्हायरस तीच फाइल तपासायला धरून ठेवतो. मग दोघे एकमेकांची वाट पाहतात. संथपणा आणि न आलेला मेल अशा दोन्ही तक्रारी एकाच वेळी निर्माण करणारे हे ठळक कारण आहे. शिवाय एका दूषित मेलपायी अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइल उचलून बाजूला ठेवू शकतो. अँटिव्हायरस बंद करू नये. त्याच्या सेटिंगमध्ये थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर अपवाद म्हणून नोंदवावा आणि थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये मेल सुटे सुटे बाजूला काढू देण्याची खूण करावी.

मेलचा साठा वनड्राइव्हमध्ये नसणे. विंडोज आता 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर वनड्राइव्हवर चढवण्याचा आग्रह धरते आणि आउटलुकची पीएसटी फाइल बहुधा त्याच फोल्डरमध्ये असते. एक मेल आला तरी काही जीबीची फाइल बदलली असे समजून ती वर चढवणे सुरू होते. आउटलुक अडखळतो, इंटरनेटही संथ होते. ती फाइल वनड्राइव्हच्या बाहेर ठेवावी.

शोधसूची पुरी होऊ देणे. नव्या संगणकावर खाते जोडले की थंडरबर्ड सगळ्या मेलची शोधसूची तयार करतो. 'टूल्स'मधील 'ॲक्टिव्हिटी मॅनेजर'मध्ये ते काम दिसते. एक रात्र प्रोग्राम चालू ठेवावा, म्हणजे ते उरकते.

जोडलेली उपकरणे तपासणे. थंडरबर्डच्या 'हेल्प'मधील 'ट्रबलशूट मोड'मध्ये ॲड-ऑनशिवाय प्रोग्राम उघडतो. आउटलुक कंट्रोल कळ दाबून धरून उघडला की 'सेफ मोड'बद्दल विचारतो. तिथे तो वेगाने चालला तर दोष एखाद्या ॲड-ऑनचा. एकेक बंद करून तो शोधावा.

एवढे करूनही फरक पडला नाही आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याचा उपयोग मेमरी वाढवण्यापेक्षा सहसा अधिक होतो.

एक खूण जी करू नये

थंडरबर्डमध्ये जागा वाचवण्यासाठी ठरावीक दिवसांपेक्षा जुने मेल पुसण्याची सोय आहे. आयमॅप खात्यात ती चालू केली तर संगणकावरची प्रत आणि सर्व्हरवरचा मूळ मेल दोन्ही कायमचे जातात. संगणकावरची जागाच फक्त वाचवायची असेल तर 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मध्ये अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवण्याचा पर्याय निवडावा. त्याने सर्व्हरवरच्या मेलला धक्का लागत नाही. दोन्ही पर्याय एकाच पानावर, एकाखाली एक आहेत. म्हणून घाईने क्लिक करू नये.

महिन्याची जुळवणी

बँकेत महिनाअखेरीस दोन वह्या जुळवून पाहतात. मेलच्या बाबतीतही तेवढीच शिस्त पुरते. आठवड्यातून एकदा वेबवर जाऊन पहिले दहा मेल प्रोग्राममधल्या पहिल्या दहांशी ताडून पाहावेत आणि स्पॅम उघडून पाहावे. महिन्यातून एकदा जागा किती उरली ते पाहावे, ट्रॅश रिकामा करावा आणि कॉम्पॅक्ट चालवावे. तीन महिन्यांतून एकदा साठ्याची प्रत काढावी. ज्या खात्यावर मुदतीची पत्रे येतात त्याला मोबाइल क्रमांकही जोडलेला असावा, म्हणजे एक वाट बंद पडली तरी दुसरी उघडी राहते.

एक सावधगिरी शेवटी सांगणे आवश्यक आहे. 'आपली मेलपेटी भरली आहे, येथे क्लिक करून पासवर्ड द्या' असा मेल आला तर तो पुसावा. जागा किती उरली हे स्वतः संकेतस्थळावर जाऊन पाहावे. मेल चालत नाही म्हणून इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधून फोन करू नये आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणक दुरून हाताळू देणारे ॲप उतरवू नये. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

मदत हवी असेल तर ती मुलांकडून, शेजाऱ्यांकडून किंवा मंडळातल्या जाणत्या सभासदाकडून घ्यावी. त्यांना बोलावण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात : खाते पॉप आहे की आयमॅप, न दिसलेला मेल वेबवर आहे की नाही, आणि साठ्याची शेवटची प्रत कधी काढली. एवढे हाताशी असले तर मदतीला येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळते.